विचारून टाका : फ्लोरेन्सला भाड्याची गाडी घ्यायचीय, स्टेशनजवळून घेऊ का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. ऑक्टोबरमध्ये मी, मिस्टर आणि माझी नणंद असे तिघं इटलीला चाललोय. आधी रोम, मग ट्रेनने फ्लोरेन्स, तिथे दोन रात्री आणि मग चार दिवस भाड्याची गाडी घेऊन सिएना, सॅन जिमिन्यानो वगैरे फिरायचं असं ठरलंय. मिस्टर तीस वर्षं गाडी चालवतायत, कसारा घाट तर त्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे त्यांना कसलंच टेन्शन नाही, सगळं टेन्शन मला. स्टेशनजवळच गाडीवाल्यांची ऑफिसं दिसतायत आणि आमचं हॉटेलही तिथेच आहे, मग तिथूनच घ्यावी ना? बुकिंग मी माझ्या कार्डवरून केलंय, पॉइंट्स मिळतात म्हणून. इंटरनॅशनल लायसन खरंच लागतं का? आणि गाडी ताब्यात घेताना नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपेक्षा तुम्ही सहज लिहून टाकलेलं एक वाक्य जास्त धोक्याचं आहे. 'बुकिंग माझ्या कार्डवरून केलंय.' गाडी चालवणार मिस्टर आणि कार्ड तुमचं, हे काउंटरवर बहुतेक ठिकाणी चालत नाही. ऑनलाईन पैसे कोणाच्याही कार्डवरून जातात, तिथे कोणी विचारत नाही, पण गाडी घेताना जे डिपॉझिट ब्लॉक करतात ते मुख्य ड्रायव्हरच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर हवं असतं, आणि पासपोर्टवरचं नाव, लायसनवरचं नाव आणि कार्डावरचं नाव तिन्ही एकच लागतं. नवरा-बायको आहोत, आडनाव एकच आहे, असं कितीही सांगा, समोरची मुलगी हसून सॉरी म्हणते आणि पुढच्या माणसाला बोलावते. डेबिट कार्डाला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात, आणि आपण बँकेतून भरून नेतो ते फॉरेक्स कार्ड तर डिपॉझिटसाठी धरूच नका. तेव्हा मिस्टरांचं क्रेडिट कार्ड असेल तर त्याचं इंटरनॅशनल वापराचं बटण बँकेच्या अॅपमध्ये चालू करा (ते बरेचदा बंदच असतं), पिन आठवतोय का बघा, आणि लिमिट बघा. हजार-दीड हजार युरो ब्लॉक होऊ शकतात, म्हणजे आपले लाख-दीड लाख. ते कापले जात नाहीत, नुसते अडकतात, पण गाडी परत दिल्यावर सुटायला कधीकधी आठवडा-दोन आठवडे जातात आणि तोपर्यंत त्याच कार्डावर हॉटेलचं बिल भरायला गेलात तर पंचाईत.

आता मुख्य प्रश्न, गाडी कुठून घ्यायची. स्टेशनजवळून घेऊ नका.

फ्लोरेन्सच्या जुन्या गावात झेडटीएल म्हणून भानगड आहे, म्हणजे ठरावीक वेळेत फक्त परवानगी असलेल्या गाड्यांनाच आत जायला मिळतं, आणि अडवायला नाक्यावर पोलीस वगैरे कोणी उभा नसतो, कॅमेरा असतो, तो नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि विषय संपला. शहरातली बरीचशी भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं या हद्दीला खेटूनच आहेत. चालत जाऊन गाडी घेणं सोपं वाटतं, पण ती बाहेर काढताना किंवा चौथ्या दिवशी परत द्यायला येताना एक वळण चुकलं की आत. आपल्या भद्रकालीतल्या नाहीतर सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्या डोळ्यासमोर आणा, त्यात सगळं वन-वे करा, पाट्या इटालियनमध्ये लावा आणि मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवतोय असं समजा.

मी हे स्वतः करून बसलोय म्हणून एवढं लिहितोय. आम्ही गाडी परत द्यायला निघालो होतो, संध्याकाळ झालेली, ऑफिस बंद व्हायला अर्धा तास राहिलेला, फोनवरच्या मॅपने सांगितलं डावीकडे, मी वळवली डावीकडे. गल्लीच्या तोंडाशी एक पाटी, पांढऱ्यावर लाल गोल, आणि शेजारी दिव्यांच्या अक्षरात 'वार्को अत्तिवो'. बायकोने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं काहीतरी चालू आहे. चालूच होतं, कॅमेरा. 'अत्तिवो' म्हणजे प्रवेशबंदी आत्ता लागू आहे, 'नॉन अत्तिवो' असेल तर जाऊ शकता, आपल्या डोक्यात नेमकं उलटं बसतं. बरं, ऑफिस सापडलं नाही म्हणून मी चक्कर मारून त्याच गल्लीतून परत एकदा गेलो. चार महिन्यांनी कार्डाच्या बिलात दोन एन्ट्र्या आल्या, चाळीस-चाळीस युरोच्या वर. मला वाटलं हाच दंड. तो दंड नव्हता, तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची कंपनीची फी होती! दंडाची पत्रं त्यानंतर आली, दोन वेगवेगळी, रजिस्टर्ड, गंगापूर रोडच्या घरी, आणि पोस्टमन सही घेता घेता विचारतोय, साहेब, बाहेरच्या देशातून बोलावणं आलं का. प्रत्येकी शंभर युरोच्या आसपास. परदेशात राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवस आहेत, त्यामुळे सहा महिने झाले, सुटलो, असं म्हणू नका. पत्र मिळाल्यापासून ५ दिवसांच्या आत भरलं तर ३० टक्के सूट मिळते, हे मला सहाव्या दिवशी कळलं.

त्यामुळे माझं सरळ मत : फ्लोरेन्समध्ये दोन दिवस पायी फिरा (गावच पायी फिरण्याएवढं आहे) आणि शहर सोडायच्या दिवशी सकाळी ट्रामने विमानतळावर जाऊन तिथून गाडी घ्या. टी-२ नंबरची ट्राम स्टेशनजवळूनच मिळते, वीसेक मिनिटं लागतात. विमानतळाच्या बाजूला गाडीवाल्यांची ऑफिसं आणि पार्किंग आहे, तिथून निघालात की रुंद रस्ता आणि लगेच हायवे, जुन्या गावाचं तोंडसुद्धा बघायला लागत नाही. परतही तिथेच द्यायची. विमानतळाचा थोडा जादा आकार लागतो, लागू द्या. शिवाय शहरातली ऑफिसं दुपारी जेवायला बंद होतात, रविवारी तर काहींचं शटरच वर जात नाही, तो वेगळाच ताप. आणि बुकिंगवर ११ ची वेळ दिली असेल तर ११ लाच पोचा, ट्रेन चुकली वगैरे असेल तर फोन करा, उशीर झाला की गाडी दुसऱ्याला देऊन मोकळे होतात.

पुढच्या गावांतलं हॉटेल असं झेडटीएलच्या आत असेल तर आधी मेल करा, हॉटेलवाले तुमच्या गाडीचा नंबर कळवून परवानगी काढू शकतात. पण नंबर गाडी हातात आल्यावरच कळतो, म्हणून प्लेटचा फोटो काढून लगेच पाठवायचा. सिएनात तर आत जायचा विचारच करू नका, तटाच्या बाहेर पार्किंग आहेत, सांता कातेरिना म्हणून आहे तिथून सरकते जिने थेट वर गावात नेऊन सोडतात, नणंदेचे गुडघे दुखत असतील तर हेच बरं. सॅन जिमिन्यानोलाही भिंतीबाहेरच लावायची. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्या म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे मशीनमध्ये पैसे टाकून चिठ्ठी काचेमागे ठेवायची, पिवळ्या म्हणजे आपल्यासाठी नाहीत.

लायसन. हो, लागतं. इटलीत आपल्या लायसनसोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवंच, काउंटरवरचा माणूस कधी विचारतो कधी विचारत नाही, पण रस्त्यात पोलिसाने थांबवलं किंवा ठोकाठोक झाली की ते नसणं महागात पडतं, कारण मग इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १,००० रुपये, पासपोर्ट, तिकीट, व्हिसा यांच्या कॉपी लावायच्या आणि पेठ रोडच्या आरटीओतून घ्यायचं. मुदत एक वर्ष. ते एकटं कामाचं नाही बरं का, मूळ लायसनही सोबत न्यायचं. आणि मिस्टर तीस वर्षं गाडी चालवतायत म्हणजे पन्नाशीला आले असतील, तेव्हा मूळ लायसनची मुदत आत्ताच बघा, त्या वयात रिन्युअल येतं आणि कोणाच्याच लक्षात राहत नाही.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगतो. भाड्यात बेसिक विमा असतो, पण नुकसान झालं तर पहिले हजार-दीड हजार युरो तुमच्या अंगावर, त्यावरचे कंपनीच्या. तेवढं जे डिपॉझिट अडकवतात ते याचसाठी. काउंटरवर ते तुम्हाला जादा कव्हर विकतात, आपल्याकडच्या झिरो डेपसारखं समजा, रोजचे पंधरा ते तीस युरो असं काहीही सांगतात. मी कंजूष माणूस आहे, तरी पहिल्यांदा परदेशात उजव्या बाजूने चालवणार असाल तर घ्या म्हणेन. फक्त विचारा, काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग यात येतो का, कारण नेमकं तेच बरेचदा वगळलेलं असतं. आणि बुकिंग करताना वेबसाईटने 'फुल प्रोटेक्शन' म्हणून काही विकलं असेल तर ते वेगळ्या कंपनीचं असतं, काउंटरवाला ते मानत नाही, डिपॉझिट पूर्णच ब्लॉक करतो, नुकसान झालं तर आधी तुम्ही भरायचं आणि मग क्लेम करत बसायचं. कार्ड मशीनवर 'रुपयात की युरोत' असं विचारलं तर युरो दाबा, रुपयाचा रेट ते आपल्या मनाने लावतात.

आता गाडी ताब्यात घेणं. इथे घाई करायची नाही, मागे लाईन असली तरी, आणि मिस्टरांनी 'चला हो, ठीक आहे' म्हटलं तरी. तुमच्या हातात एक कागद देतील, त्यावर गाडीचं चित्र आणि आधीच्या ओरखड्यांवर फुल्या. तो कागद आणि गाडी ताडून बघायची. चाकांच्या रिमा आधी बघा, फूटपाथला घासलेल्या खुणा तिथेच असतात आणि पैसेही त्याचेच जास्त मागतात, मग वाकून पुढच्या बंपरची खालची कड, मग समोरच्या काचेवर खड्याचा टिपका, मग आरसे. बेसमेंटात अंधार असेल तर फोनचा टॉर्च लावा किंवा गाडी उजेडात आणून बघा. कागदावर फुली नाही असं काही दिसलं तर तिथल्या माणसाला बोलावून लिहून घ्या, 'छोटंसं आहे, चालतं' यावर जाऊ नका, लिहून घ्या. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून सलग व्हिडिओ काढा, शेवटी आत बसून किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. परत देताना पुन्हा तसाच. डिकी उघडून बघा, स्टेपनी बरेचदा नसतेच, पंक्चरचं किट असतं, पण त्रिकोण आणि चमकणारं जाकीट असायलाच हवं, हायवेवर गाडी बंद पडली तर ते जाकीट घालूनच खाली उतरायचं असा तिथला नियम आहे.

आणि एक, बुकिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' असं स्पष्ट लिहिलंय का बघा. नसेल तर गिअरची येणार. मिस्टरांना गिअर बदलायला अडचण नाही हो, पण गिअर उजव्या हाताला येतो आणि इंडिकेटर डावीकडे. आपल्या मारुती-ह्युंदाईची सवय असलेला माणूस वळताना इंडिकेटर म्हणून वायपर चालू करतो, ऊन पडलेलं असताना काच पुसत पुसत मी दोन दिवस काढले. निघण्याआधी पार्किंगमध्येच दहा मिनिटं दोन-तीन चकरा मारा. सर्कलला उलटं जायचं, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध, आणि आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मायको सर्कलला आपण जसं नाक घुसवतो तसं नाही. गावाबाहेर दिवसासुद्धा हेडलाईट चालू ठेवायचे. हायवेला १३०, गावात ५०, आणि स्पीडचे कॅमेरे भरपूर. तुमचं काम म्हणजे बाजूला बसून दर वळणाला 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत राहणं, भांडण झालं तरी चालेल.

पेट्रोल भरताना नोझल नीट वाचा. 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलिओ' म्हणजे डिझेल, आणि तो दुसरा शब्द ऐकून आपल्याला गॅसोलीन म्हणजे पेट्रोल वाटतं, तिथेच माणसं फसतात. टाकीच्या झाकणावर आणि नोझलवर खूण असते, गोलात ई-५ किंवा ई-१० असेल तर पेट्रोल, चौकोनात बी-७ असेल तर डिझेल. 'सेर्वितो' लिहिलेल्या पंपावर माणूस येऊन भरतो आणि लिटरमागे जादा लावतो, दुसरीकडे स्वतः भरायचं. गाडी फुल टाकी मिळाली तर फुल करूनच द्यायची, पंप विमानतळाजवळचा आणि पावती जपून.

रस्ता कुठला घ्यायचा ते तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. फ्लोरेन्स ते सिएना चौपदरी रस्ता आहे, टोल नाही, तासा-सव्वातासात पोचाल. पण एकदा तरी जुन्या २२२ नंबरच्या रस्त्याने जा, कियांतीच्या द्राक्षबागांमधून जातो. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये छाटणी चाललेली असते, तिकडे तोडणी संपत आलेली असते, दिंडोरीच्या माणसाला बघायला मजा येईल. वाइन चाखायला थांबलात तर मिस्टरांचा ग्लास नणंदेला द्या. तिथली मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, आपल्या ३० पेक्षा जास्त, पण त्या आशेवर त्या रस्त्याची वळणं घेऊ नयेत.

प्रश्न : दादा, मी २३ वर्षांचा आहे, लायसन काढून ८ महिने झालेत. डिसेंबरमध्ये म्युनिकला शिकणाऱ्या मित्राकडे जातोय. तिथून गाडी घेऊन ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड करायचा प्लॅन आहे. मला नाही दिली तर मित्र चालवेल, तो दीड वर्षापासून तिथे आहे आणि त्याच्याकडेही एमएच-१५ चंच लायसन आहे. जमेल ना?
– सिडको, नाशिक

उत्तर : अरे, दोघांचंही अवघड आहे. तुझ्या लायसनला बहुतेक कंपन्या किमान एक वर्ष झालेलं मागतात, आणि २५ च्या खाली रोजचा वेगळा 'यंग ड्रायव्हर' चार्ज लावतात, तो कधीकधी भाड्याएवढा होतो. पण मित्राचं जास्त गंभीर आहे. जर्मनीत राहायला गेल्यावर भारतीय लायसन पहिले सहा महिनेच चालतं, त्यानंतर तिथल्या परीक्षा देऊन जर्मन लायसन काढावं लागतं. दीड वर्ष झालं म्हणजे तो तिथे विनालायसन आहे, मग एमएच-१५ असो नाहीतर काही. पाहुणा म्हणून गेलेला तू चालवू शकतोस, तिथे राहणारा तो नाही, गंमत आहे पण असंच आहे. तो चालवत असताना काही झालं तर विमा शून्य आणि वर पोलीस केस, त्याचा व्हिसा तिथला आहे हे विसरू नका.

तिसरा कोणी मित्र असेल ज्याच्याकडे जर्मन लायसन आहे, तर गाडी त्याच्या नावावर आणि त्याच्या कार्डावर घ्या, आणि जो जो चालवणार त्याचं नाव करारात घाला. कोणत्या देशांत नेणार तेही काउंटरवर सांगा. कारला जर्मनीत टोल नाही पण ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या हायवेला विन्येट, म्हणजे हायवे वापरायचा पास, लागतं. ऑस्ट्रियाचं एक दिवसाचं किंवा दहा दिवसांचं मिळतं. स्विसचं फक्त वर्षाचं, ४० फ्रँक, दोन दिवस जा नाहीतर दोन महिने, पैसे तेच. १ डिसेंबरनंतर जाणार असशील तर पुढच्या वर्षाचं विन्येट तेव्हापासूनच चालतं, एवढाच काय तो फायदा. आणि डिसेंबर आहे, गाडीला हिवाळी टायर आहेत ना ते विचार. नाहीतर सरळ ट्रेनने जा रे, मी तुझ्या जागी असतो तर तेच केलं असतं, खिडकीशी बसून चिवडा खात.

प्रश्न : माझे वय ७१. मुलगा लीड्सला असतो, तीन महिन्यांसाठी चाललो आहे. तिथे भाड्याची गाडी घ्यावी की मुलाचीच चालवावी? आपले लायसन तिथे चालते का?
– एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड

उत्तर : काका, चालतं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर आपल्या लायसनवर १२ महिने चालवता येतं, बाजूही आपलीच, डावी. भाड्याच्या गाडीला काही कंपन्या ७५ च्या वर देत नाहीत, काही त्याआधीच जादा चार्ज लावतात, ते आधी विचारून घ्या. मुलाच्या गाडीची मात्र वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, घरातला कोणीही लायसनवाला चावी घेऊन निघतो. तिथे विमा माणसागणिक असतो. मुलाच्या पॉलिसीत तुमचं नाव नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही ती गाडी काढायची नाही, पकडलं तर गाडी उचलून नेतात. त्याला सांगा तुमचं नाव पॉलिसीत घाल, नाहीतर काही दिवसांपुरता वेगळा विमा काढता येतो तो काढ. भारतीय लायसन म्हटल्यावर काही विमा कंपन्या नाही म्हणतात किंवा रक्कम वाढवतात, म्हणून हे त्याला तुम्ही इथून निघायच्या आधीच करायला लावा, आणि लायसनचा दोन्ही बाजूंचा फोटो आजच त्याला व्हॉट्सअॅप करून ठेवा.